जळगाव ते धुळे, म्हणे दीड तास

“धुळं काय, हे इथं. दीड तास!” असं रतिलालभाऊ कोठावदे आमच्या हॉलमध्ये बसून, पोह्यांची दुसरी बशी हातात घेऊन म्हणाले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. एक तर हे गृहस्थ स्वतःच पन्नास मिनिटं उशिरा आले होते. दुसरं म्हणजे दीड तास म्हणताना ते माझ्याकडे न बघता पोह्यांकडे बघत होते. मी मोठेपणाने म्हणालो, “दोन धरा ना भाऊ, दोन.” त्यावर ते लगेच “हां, दोन” म्हणाले. माणूस खरं बोलत असेल तर अर्धा तास असा मुकाट्याने सोडून देत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे असं आमची ही, म्हणजे चारुलता, चारचौघांत सांगते. तो स्वभाव नाही, नोकरी आहे. एकतीस वर्षं मी सरकारी बांधकामाच्या ऑफिसात मोजमाप पुस्तकं तपासतो. कागदावरचा मुरूम आणि रस्त्यावरचा मुरूम यांची सहसा गाठ पडत नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. अशा माणसाला तुम्ही तोंडी अंतर सांगता?

रतिलालभाऊंचा मुलगा तेजस धुळ्याला कॉलेजात शिकवतो. आमच्या भाविकासाठी त्याचं स्थळ आलं होतं. मुलगा निर्व्यसनी, हसतमुख, बोलायला नम्र. मला तर तिथेच शंका आली होती. पण मी तीन ठिकाणी चौकशी केली आणि तिन्ही ठिकाणी त्याला चांगलंच म्हणाले, तेव्हा नाइलाजाने तो मुद्दा सोडला. भाविकाला तो मनापासून आवडला होता. ती तसं म्हणाली नव्हती, पण फोन वाजला की गच्चीवर जायला लागली होती.

अडचण अंतराचीच होती. हिच्या माहेरचा शिरस्ता असा, की आईबापांनी लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही. सकाळी जायचं आणि दिवेलागणीच्या आत आपल्या घरी परतायचं. का, ते कोणालाच माहीत नाही, त्यामुळे तो मोडायचा कसा हेही कोणाला कळत नाही. आमच्या सासूबाई म्हणे एकदा लेकीकडे उशीर झाला म्हणून शेजारच्या परक्या घरी झोपल्या, पण लेकीच्या घरी पाठ टेकली नाही.

“दीड तास असेल तर दिवसभर बसता येईल,” ही म्हणाली. “पण तीन तासांवर असेल तर मी पोर देणार नाही. उद्या ती आजारी पडली, तर मी काय नुसतं तोंड पाहून गाडीत बसू? तुम्ही काय ते नक्की करा. रविवारपर्यंत त्यांना कळवायचंय.”

भाविका आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवायला लागली.

मी शेजारच्या अभिमन नानांकडे गेलो. नाना एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. वय शहात्तर, पण आजही रस्त्यातून बस गेली की घड्याळ बघतात आणि “सहा मिनिटं लेट” म्हणतात. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांवर टप्पे मोजले.

“पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी... अडीच तास. त्यात एरंडोलला दहा मिनिटं थांबा.”

“पण ते दीड म्हणतात नाना!”

“मग ते थांबत नसतील,” नाना गंभीरपणे म्हणाले. “थांब्यावर न थांबणारा माणूस, हितेंद्र, मला तरी बरा वाटत नाही.”

तेवढ्यात नानांचा पुतण्या पियुष आला. तो बँकेत आहे आणि कुठलीही गोष्ट मोबाइलमध्ये पाहिल्याशिवाय खरी मानत नाही. त्याने एक पान काढून दाखवलं. जळगाव ते धुळे, रस्त्याने ब्याण्णव किलोमीटर. हवाई अंतर त्र्याऐंशी. विमानाने लागणारा वेळ, अकरा मिनिटं.

मी दोनदा वाचलं. जळगावला विमानतळ आहे हे कबूल. पण धुळ्याची धावपट्टी असून तिथे आमच्यासारख्यांचं विमान उतरत नाही. म्हणजे वर जायची सोय आहे, खाली यायची नाही. तरी ते पान बेधडक अकरा मिनिटं सांगत होतं. रतिलालभाऊंनी हेच पान पाहून, विमानाची अकरा मिनिटं आणि रस्त्याचे अडीच तास यांच्यात कुठेतरी समजुतीने दीड तास काढला असणार, अशी माझी खात्री झाली.

“सरळ लेखी दाखला काढ,” नाना म्हणाले. “शिक्षक लोक बदलीसाठी काढतात, अंतराचा दाखला.”

हे मला आधी कसं सुचलं नाही? दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून मी त्या ऑफिसात गेलो. ऑफिसचं नाव सांगत नाही, तिथे माझी ओळखीची माणसं आहेत. खिडकीतल्या माणसाने माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“कारणाच्या रकान्यात तुम्ही ‘मुलीचे लग्न’ लिहिलंय.”

“हो. तेच कारण आहे.”

“या कारणासाठी दाखला द्यायची तरतूद नाही. बदली, प्रवासभत्ता, न्यायालयीन काम, ही कारणं आहेत.” मग तो पुढे झुकून हळूच म्हणाला, “मुलगी शिक्षिका आहे ना? बदलीसाठीच पाहिजे ना? खरं सांगा.”

“अहो, ती फिजिओथेरपिस्ट आहे!”

“मग जावई शिक्षक?”

“प्राध्यापक आहे. आणि अजून जावई झालेला नाही.”

“बघा!” तो शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला. “मी म्हटलं नव्हतं, बदलीचंच प्रकरण आहे?”

एकतीस वर्षं मी लोकांच्या अर्जांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने कोणी माझ्याकडे पाहावं, हा अपमान माझ्या जिव्हारी लागला. तरी मी शांतपणे विचारलं, की निदान तोंडी तरी सांगा. त्यावर त्याने विचारलं, “कुठून कुठपर्यंत? बसस्थानक ते बसस्थानक, की घर ते घर? जुन्या रस्त्याने, की बायपासने? बायपासचं माप अजून आमच्याकडे आलेलं नाही.” मी अर्ज परत घेतला. पोचही मागितली नाही, यावरून माझी मनःस्थिती लक्षात यावी.

आता एकच मार्ग उरला होता. रविवारी सकाळी सात वाजता मी स्वतःची गाडी काढली. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे. रविवारी कसलं ऑफिस, असं हिने विचारलं नाही, पण बघितलं तसंच. सोबत नाना होते, नानांकडे घड्याळ, माझ्याकडे नवी वही. पहिल्या पानावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘कोठावदे यांचे म्हणणे: दीड तास. वस्तुस्थिती:’ आणि पुढे जागा सोडली.

नाना बरोबर असणं ही चूक होती, हे पाळधीलाच कळलं. मी एका बसला ओलांडून जाणार तोच त्यांनी माझा हात धरला. “तिच्या पुढे जायचं नाही! भाविका काय उडत जाणार आहे?” एरंडोलला आम्ही स्टँडबाहेर दहा मिनिटं नुसते गाडीत बसून राहिलो. कारण बस थांबते. मी म्हणालो, “नाना, आपल्या गाडीत ना कोणी चढतंय, ना उतरतंय.” नाना म्हणाले, “थांबा म्हणजे थांबा. नाहीतर माप खोटं होईल.” माप खोटं होईल म्हटल्यावर माझा इलाज चालेना.

त्याहून मोठा घोळ दगडांचा झाला. गाडीचा काटा एक सांगे, रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड दुसरंच. एका दगडावर धुळे बेचाळीस, आणि चांगलं दोन किलोमीटर पुढे गेल्यावर पुन्हा बेचाळीस! माझ्यातला मोजमाप तपासणारा खडबडून जागा झाला. मी गाडी बाजूला घेतली, काटेरी झुडूप वाकवलं, रुमालाने दगड पुसला आणि वहीत नोंद करायला लागलो. नाना पावलांनी रस्त्याची रुंदी मोजत होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मान वर केली तर सातआठ माणसं भोवती उभी. सगळ्यांत पुढे कमरेला पदर खोचलेली एक बाई. तिचं नाव तानुबाई, हे नंतर कळलं, कारण तिने ते माझ्या वहीत लिहायला लावलं.

“कोनतं खातं शे तुमनं?” तिने विचारलं.

“कोणतंच नाही. आम्ही आपले सहज...”

“सहज?” ती बाकीच्यांकडे वळली. “मांगे बी असाच दोन जन वही लीसन उनथात. सहजच सांगेत. मंग वरीसभरमा वावरमा खुट्या ठोकी गयात!” वही घेऊन आलेल्या माणसांनी शेतात खुंट्या ठोकलेल्या तिने आधीच पाहिल्या होत्या. मग माझ्याकडे वळून, “रस्ता अजून रुंद व्हई का? बठ्ठं वावर जाई का मनं?”

“मावशी, मुलीच्या लग्नासाठी अंतर मोजतोय हो मी!”

हे ऐकून ते सगळे इतक्या मोठ्याने हसले की त्यांचा संशय पक्का झाला, हे मला कळून चुकलं. खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं, असा भाव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. एकाने गाडीचा नंबर लिहून घेतला. नानांनी “आम्ही एसटीची माणसं” म्हणून मध्यस्थी करायला पाहिली, तर दुसऱ्याने गावात बस का येत नाही यावर त्यांना धारेवर धरलं.

शेवटी तानुबाईंनीच तोड काढली. “मोजा, मोजा. पन मनी विहीर बी लिखी ल्या. नही ते मांगलासारखं व्हई, पैसा वावरनाच भेटतीन आनि विहीर तशीच जाई.” मी लिहिली. मग चार लिंबाची झाडं लिहिली, एक गोठा लिहिला, शेजारच्याची बोअर लिहिली, आणि खाली सही केली. तानुबाईंनी सही निरखून पाहिली आणि म्हणाल्या, “वाचता येत नही, म्हंजे सायेबच शे.” जाताना त्यांनी नानांच्या हातात पाचसहा लिंबं ठेवली. त्या लिंबांनी मला जेवढं ओशाळं केलं, तेवढं त्या खिडकीतल्या माणसानेही केलं नव्हतं. मी परत जाऊन सांगितलं, “मावशी, खरंच मी त्या खात्याचा नाही.” त्या म्हणाल्या, “जा भाऊ, जा. नवकरी शे तुमनी, काय करशात.”

या भानगडीत चाळीस मिनिटं गेली. पारोळ्याला पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. नानांच्या नियमाप्रमाणे आम्ही स्टँडसमोर थांबलो, आणि मला स्टँडच्या बाकावर रतिलालभाऊ दिसले.

इस्त्रीचा पांढरा सदरा, नवी टोपी, मांडीवर पिशवी. पाठ ताठ, नजर स्टँडच्या घड्याळावर. याच माणसाने मला गुरुवारी फोनवर सांगितलं होतं, “रविवारी आमनं किराणा दुकान हाउसफुल, मी जागचा हलत नाही.” मग हे नवी टोपी घालून पारोळ्यात काय करताहेत?

“दुसरी मुलगी बघायला आले असणार,” मी गाडीच्या आडोशाला बसत म्हणालो. “आपल्याला रविवारचा वायदा देऊन रविवारीच दुसरीकडे! बघितलंत नाना? दीड तास म्हणाले तेव्हाच मी ओळखलं होतं.”

तोंडाने मी हे म्हणत होतो, पण मन घरी गेलं होतं. भाविका सकाळी मला चहा देताना म्हणाली होती, “पप्पा, गाडी सावकाश चालवा,” आणि मी ऑफिसला जातोय यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आता घरी जाऊन तिला काय सांगायचं? त्या घटकेला मला अंतर किती, याचं काहीच वाटेना.

नाना टेहळणीला गेले. निवृत्त माणसाने टेहळणी करू नये. ते सरळ रतिलालभाऊंसमोर जाऊन उभे राहिले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “शिरपूर गाडी का?” रतिलालभाऊंनी त्यांना आमच्या घरी पाहिलेलं होतं. त्यांनी नानांकडे पाहिलं, नानांच्या मागे गाडीकडे पाहिलं, आणि गाडीच्या मागे माझं डोकं पाहिलं.

मी उठलो. घाईत वही हातातून निसटली आणि नेमकी पहिल्या पानावर उघडी पडली. रतिलालभाऊंनी ती उचलली, चष्मा लावला, आणि वाचली. ‘कोठावदे यांचे म्हणणे: दीड तास. वस्तुस्थिती:’

त्यांनी ती तशीच उघडी माझ्या हातात परत दिली. मग त्यांनी आपल्या पिशवीत हात घातला आणि एक छोटी डायरी माझ्या हातात दिली. तिच्यात माझ्याच नावाने लिहिलं होतं: ‘येवलेसाहेब सांगतात: दोन तास. देवपूर, घर, ८.०० निघालो. धुळे स्टँड ८.२५. बस सुटली ८.४०. पारोळा ९.३५. बस दुरुस्तीला, दुसरी येणार.’

“तुम्हीही?” मी म्हणालो.

“माले वाटनं, पोरना बाप शे, कमीच सांगी,” ते जरा लाजून म्हणाले.

“पण तुम्हाला मोजायचं काय कारण? यायचं तर आम्हाला आहे. मुक्काम न करता परत फिरायचं तर आम्हाला आहे.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नाना उगाच लांब जाऊन वेळापत्रक वाचायला लागले.

“मनी पोर ममता रायपूरले दिधी,” रतिलालभाऊ म्हणाले. “मध्यस्थ सांगे, एक रातना प्रवास शे, कळनार बी नही. मी इसवास ठेवा. तिनी माय आजारी पडनी, तवय फोन करा. गाडी लेट, मंग दुसरी गाडी. ती उनी तवय बठ्ठं उरकी गयथं. तिनी मायनं तोंड बी दिखनं नही तिले.” लेक येईपर्यंत आईला पोचवूनही झालं होतं. “आते मी कोनी सांगेल अंतर धरत नही. तुमनी भाविका मना घर ई. एखादा दिन तिले माय आठवनी, सकाळमा निंघनी, ते दुपारना जेवणले मायजवळ पोचनी पाहिजे. तितलंच देखनं शे माले.”

मी वही बंद केली. मी माझ्या जाण्याचे तास मोजत निघालो होतो, आमच्या बसण्याचे, आमच्या परतीचे. माझ्या पोरीला परत यायला किती वेळ लागेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी तिथेच त्यांना बोलून दाखवली. ते म्हणाले, “जाऊ द्या हो,” आणि घड्याळाकडे बघितलं, कारण बस येत होती.

“गाडीत चला ना भाऊ, आम्ही जळगावला सोडतो.”

“नही, नही! तुमनी गाडीमा बसनू ते माप खोटं व्हई. ती दर टाइमले बसमाच ई ना?”

नानांनी त्यांच्याकडे अशा आदराने पाहिलं की बोलायची सोय नाही. मी गाडीला कुलूप लावलं आणि आम्ही तिघंही बसमध्ये चढलो. गाडी सोमवारी पियुषने आणली, आणि त्यावर तो अजून बोलतो.

बस गच्च होती. एरंडोलपर्यंत मी उभा, मग अर्धी जागा मिळाली. रतिलालभाऊ प्रत्येक थांब्यावर वेळ टिपत होते. जळगाव स्टँडवरून रिक्षा केली, तीही त्यांनी मोजली. आमच्या दाराच्या चौकटीला हात लावून मग त्यांनी घड्याळ पाहिलं. “अकरा चाळीस. तीन तास चाळीस मिनिट.”

हिने दार उघडलं आणि ‘तीन तास’ तेवढं ऐकलं. चेहरा उतरला. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग एकदम कणीक मळायला लागली आणि म्हणाली, “अहो, त्यांना हातपाय धुवायला पाणी द्या आधी.” थोड्या वेळाने कणकेकडेच बघत म्हणाली, “आणि सांगा, आमचा होकार आहे म्हणून.”

जेवताना न राहवून मी विचारलंच, “भाऊ, एवढं सगळं असताना, त्या दिवशी दीड तास कसं काय म्हणालात?”

त्यांनी घास खाली ठेवला. भाविका वाढत होती, ती तिथेच थांबली.

“भ्यायनू,” ते म्हणाले. “माले अंदाज व्हता, तीन तास लागतीन. पन पोर भलती चांगली वाटनी. खरं सांगतू ते तुमी देतात नही.”

म्हणजे ते खोटंच बोलले होते. माझा संशय अगदी पहिल्या मिनिटापासून बरोबर होता, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच बरोबर ठरल्याचा मला आनंद झाला नाही. मी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दीडच्या बसला ते निघाले. परतीचंही मोजायचं होतं. भाविका म्हणाली, “मी सोडते स्कूटीवर.” स्टँड आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. सवयीने मी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली, पन्नास झाली. मी दोनदा गॅलरीत जाऊन आलो. शेवटी स्कूटी फाटकात शिरली.

“इतका वेळ?” मी विचारलं.

“बस उशिरा सुटली,” भाविका चावी खिळ्याला अडकवत म्हणाली. “मी थांबले तोपर्यंत. ते एकटेच होते ना.”

मी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं.